सुपारी गिळलेलं इंजिन

आमच्या आप्पांची मोटारसायकल कराडात सुरू झाली की पाटणची कुत्री उठून बसायची. मी सांगतोय म्हणून हवं तर दहा-बारा किलोमीटर कमी करून घ्या, पण त्याहून जास्त कापू नका. साडेतीनशे सीसी, एकच सिलिंडर, वयाने माझ्यापेक्षा मोठी आणि घरात मानाने तर फारच मोठी. मला ताप आला की आई म्हणायची, "झोप जरा, उतरेल." गाडीला खोकला झाला की आप्पा कारखान्यातून अर्धी रजा टाकून यायचे.

आप्पा म्हणजे माझे वडील. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फोरमन. तिथे त्यांनी एक नियम घालून दिला होता. पाळी संपली म्हणून कुणी बंद मशीन पुढच्याच्या गळ्यात मारून घरी जायचं नाही. मशीन चालू करायचं, पुढच्या पाळीच्या माणसाला समोर उभं करायचं आणि म्हणायचं, "चालू आहे, तेल बघितलंय, तक्रार नाही." त्यावर पुढच्याने "घेतलं" म्हणायचं. तो "घेतलं" म्हणेपर्यंत जाणाऱ्याने चपलेत पाय घालायचा नाही. या एका शब्दापायी आप्पा स्वतःच्या साखरपुड्याला उशिरा पोचले, कारण पुढच्या पाळीचा माणूस आदल्या दिवशीच्या भांडणाचा राग धरून मुद्दाम तोंड उघडेना. आप्पा नव्या कपड्यांत मशीनशेजारी उभे, तिकडे पोहे गार. आई ही गोष्ट सांगताना अजूनही, म्हणजे असेपर्यंत, चिडायची.

आई गेल्यावर आप्पा कराडात एकटे राहिले. मी इकडे सिडनीत, टूनगॅबीला. फोनवर "या इकडे" म्हटलं की "बघू" म्हणायचे, आणि त्यांचं "बघू" म्हणजे काय ते मी लहानपणी सायकल मागताना शिकलो होतो. मग मी डाव टाकला. आधी गाडी आणली. समुद्रमार्गे, लाकडी खोक्यात. बंदरावर इथल्या तपासणीवाल्यांना बाहेरच्या मातीचा एक कणही चालत नाही. त्यांनी ती परत परत धुवायला लावली. मडगार्डखालून निघालेल्या मातीत भुईमुगाचं एक पीक सहज निघालं असतं. आणि माझा हिशोब बरोबर ठरला. वासरू पुढे नेलं की गाय मागून येते, तसे आप्पा विमानातून उतरले. मिठी नाही, खुशाली नाही, पहिला प्रश्न, "तेल बदललंस का?"

पण आल्यावर त्यांना कळलं की इथे गाडी आहे आणि जायला जागा नाही. लायसन्स इथलं नाही, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर हायवेवर मी जाऊ देणार नाही. बायको हॉस्पिटलच्या शिफ्टला, मी लॅपटॉपला, मुलगी शाळेला. रस्त्यावर माणूस म्हणून दिसत नाही. आप्पा स्टेशनपर्यंत चालत जायचे, ट्रेनमधून उतरणाऱ्या आपल्या लोकांकडे आशेने बघायचे आणि परत यायचे. हातातलं घड्याळ भारताच्या वेळेवर. जेवायला बसताना म्हणायचे, "आत्ता कट्ट्यावर चहा आला असेल." कट्टा म्हणजे कारखान्याच्या रिटायर लोकांचा कट्टा, कराडच्या बसस्टँडमागे. आम्ही इथे आमटी वाढतोय आणि ते तिथला चहा पितायत.

शेवटी त्यांनी जाहीर केलं, "दसऱ्याला गाडीची पूजा करतो, चालू करून तुझ्या हवाली करतो आणि जातो." तिकीट काढायला लावलं. मी काढलं. काय करणार?

दसऱ्याला आमच्याकडे ऑस्ट्रेलियाभरचे मराठी लोक जमले होते. बरं, सात-आठ जण होते. आपट्याची पानं मिळाली नाहीत म्हणून निलगिरीची पानं सोनं म्हणून वाटली, त्यामुळे सगळ्यांच्या हाताला सर्दीच्या औषधाचा वास. गाडी ड्राइव्हवेवर उभी, हँडलला झेंडूची माळ. मी प्लग साफ करायला काढला होता आणि तारेचा ब्रश आणायला आत गेलो होतो. तेवढ्यात आप्पांनी पूजेला सुरुवात केली.

आता एक सांगतो. ही पूजा आयुष्यभर आईने केलेली. आप्पा फक्त शेवटी येऊन नारळ फोडायचे. गणपतीच्या जागी सुपारी ठेवतात एवढं त्यांना माहीत होतं, पण आई ती विड्याच्या पानावर, सीटवर ठेवायची, हे त्यांनी कधी नीट बघितलंच नव्हतं. इथे विड्याची पानं नाहीत, टाकी गोल, सीट घसरडी. हात जोडून त्यांनी गाडीभर नजर फिरवली आणि त्यांना इंजिनाच्या डोक्यावर एक सुबक गोल भोक दिसलं. ते प्लगचं भोक होतं, पण हात जोडले की आप्पांमधला फोरमन रजेवर जायचा. देव बसवायला यापेक्षा चांगली जागा कुठली? त्यांनी सुपारी अलगद भोकावर टेकवली, वर अक्षता वाहिल्या आणि डोळे मिटले. आमच्या इथल्या दुकानातल्या सुपाऱ्या म्हणजे उपाशीपोटी वाढलेल्या, वाटाण्याच्या थोरल्या भावाएवढ्या. गणपती शांतपणे आत उतरले.

मी आलो. सुपारी दिसली नाही. वाटलं, आटोपली पूजा. प्लग बसवला. किक मारली तर पाय अर्ध्यातच अडला.

"जाम झालंय जरा," आप्पा म्हणाले. "ढकला."

सात-आठ झब्बे मागे लागले. उतारावरून गाडी धावायला लागली, मी दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला आणि ती चक्क सुरू झाली! आजही तो आवाज आठवला की माझ्या दाढा दुखतात. आतमध्ये कुणीतरी स्टीलच्या डब्यात अडकित्ता घेऊन कोंडलाय आणि सुटायची धडपड करतोय, असा आवाज. आप्पा आरतीचं ताट घेऊन तसेच उभे. मग कडाड्कन वाजलं, मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि ड्राइव्हवेवर काळं तेल सांडायला लागलं.

आप्पांनी ताट माझ्या बायकोच्या हातात दिलं, वाकून इंजिनावर हात ठेवला आणि चटका बसून काढून घेतला.

"माझ्या पाळीत बंद पडलं," ते म्हणाले. "तिकीट रद्द कर."

मी तोंड पाडून "हो आप्पा" म्हणालो. आत मात्र मनातल्या मनात पेढे वाटत होतो.

इंजिन उतरवून आम्ही ते सिडनीच्या दक्षिणेला, समुद्रकाठच्या वॉलॉंगॉंगला नेलं. तिथे पोर्ट केम्बलाच्या पोलाद कारखान्यातून रिटायर झालेला एक म्हातारा घरामागच्या शेडमध्ये जुन्या मोटारसायकली दुरुस्त करतो, असं कळलं होतं. म्हातारा बोलायला लागला आणि मी मनातून त्याला नमस्कार केला. एवढ्या दमाच्या थापा मी माझ्याखेरीज कुणाकडून ऐकल्या नव्हत्या. भर समुद्रात बंद पडलेली बोट त्याने म्हणे कुंपणाच्या तारेने चालू केली होती. "कोंबड्यांच्या खुराड्याची तार, मेट, तीच," तो म्हणाला. इथे सगळे एकमेकांना मेटच म्हणतात.

त्याने हेड उघडलं. पिस्टनच्या डोक्यात खड्डा, व्हॉल्व्ह वाकडा, सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे, कनेक्टिंग रॉड वाकलेला आणि खाली इंजिनाच्या कवचाला, म्हणजे केसला, बोट जाईल एवढी भेग. मग चिमट्याने त्याने करपलेले, कडक तपकिरी तुकडे एकेक करून बाहेर काढले.

"हे काय आहे, मेट?"

"देव," मी म्हणालो. पूर्ण समजावून सांगायला वेळ लागला असता.

म्हाताऱ्याने टोपी मागे सारली. "या इंजिनांतून मी उंदीर काढलाय, बेडूक काढलाय, एकदा एकाची लग्नाची अंगठी काढली. देव पहिल्यांदाच."

आप्पांना इंग्रजी कळलं नाही, पण तुकडे कळले. एक तुकडा त्यांनी तळहातावर घेतला. उलटापालटा करून बघितला. "तिला बरोबर माहीत असायचं कुठं ठेवायची," एवढंच म्हणाले आणि शेडबाहेर जाऊन उभे राहिले.

म्हाताऱ्याने दोन रस्ते सांगितले. एक, हेच इंजिन दुरुस्त करायचं. केस वेल्ड करायचा, सिलिंडर बोअर करायचा, पिस्टन, रॉड, व्हॉल्व्ह सगळे शोधून आणायचे. जुना धातू, वेल्डिंग धरेल किंवा धरणार नाही. नाताळपर्यंत होईल, पण कुठल्या नाताळपर्यंत ते विचारू नकोस. दुसरा, मेलबर्नला क्लेटनमध्ये त्याच्या ओळखीचा एक जण आहे, त्याच्याकडे याच मॉडेलचं अख्खं इंजिन तेल लावून गुंडाळून ठेवलेलं आहे. मागवलं की आठवड्यात इथे, एका दुपारी बसतं, किक मारली की चालू.

"तूच सांग," म्हातारा म्हणाला. "दुरुस्त करू की बदलू?"

मी शेडच्या दाराकडे बघितलं. आप्पा पाठमोरे उभे होते. मी आवाज खाली आणला. "जास्त वेळ कशाला लागेल?"

म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांच्या धंद्यात हा प्रश्न त्याला कुणीही विचारला नव्हता. मग तो हसला, खोकला, परत हसला. "दुरुस्तीला, मेट. आणि मी हळू काम करतो."

"नो वरीज," मी म्हणालो.

परतीच्या घाटात मी आप्पांना सांगितलं, "ओरिजिनल इंजिनच ठेवायचं. आपल्या गाडीचं काळीज आहे ते, दुसऱ्याचं बसवून कसं चालेल?" आप्पा खिडकीतून समुद्र बघत होते. "तू म्हणशील तसं," ते म्हणाले. "गाडी आता तुझीच आहे. चालू करून द्यायचं काम तेवढं माझं."

त्या दिवसापासून आमच्या घरात सगळेच कोंडले गेले. आप्पा गाडीमुळे, मी आप्पांमुळे, बायको आम्हा दोघांमुळे. तिची गाडी गराजबाहेर उन्हात, कारण आत बिनइंजिनाची मोटारसायकल पसरलेली. मुलगी मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "आजोबा इज बेसिकली लिव्हिंग इन द गराज."

रोज सकाळी चहाला आप्पांचा प्रश्न ठरलेला. "काय म्हणतोय तुझा गोरा?" आणि मला रोज नवीन उत्तर लागायचं. सुरुवातीला मी साध्या थापा मारल्या. पिस्टन इंग्लंडहून निघालाय. वेल्डिंगची तार संपलीय. मग साध्या थापा संपल्या. पुरात रस्ता खचला. वेल्डरच्या बायकोला जुळं झालं. पिस्टनचं पार्सल चुकून टास्मानियाला गेलं, तिथे त्या पत्त्यावरच्या माणसाने ते फुलदाणी समजून ठेवून घेतलं. कांगारूने शेडचं दार तोडलं आणि नेमकं गॅस्केट खाल्लं. म्हाताऱ्याशी मी फोनवर बोलायचो तेव्हा तोही दोन-चार कारणं उसनी द्यायचा. कांगारू त्याचाच.

आप्पा प्रत्येक वेळी "असं?" म्हणायचे आणि चहात बिस्कीट बुडवायचे.

"सांगून टाक त्यांना," बायको म्हणायची. "त्यांना जायचंय रे."

"जाऊन काय करणार? एकटे राहणार तिथे?"

"आणि इथे काय करतायत?"

मी भांडी घासायला लागायचो.

नाताळ गेला. उन्हाळा गेला. थंडी आली. आमच्या घरांना थंडी भिंतीतून, छपरातून, नळातून, कुठूनही आत येते. आप्पा गराजमध्ये स्वेटरवर स्वेटर घालून बसायचे. फोनवरून कट्ट्यातल्या एकेकाच्या बातम्या यायच्या. अमक्याचा गुडघा बदलला. तमक्याला मुलाने पुण्याला नेलं. एक जण गेला, तेव्हा आप्पांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "त्याचा जुना पाना माझ्याकडे राहिलाय. द्यायचा होता."

एका आर्व्होला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, मी घरूनच काम करत होतो. मीटिंग रद्द झाली म्हणून गराजमधून शिडी आणायला गेलो. रोलर डोअर बंद होतं, वरचा दिवाही नव्हता, दाराच्या फटीतून येईल तेवढाच उजेड. आप्पा गाडीवर बसले होते. मेन स्टँडवरची गाडी, इंजिनाच्या जागी भलंमोठं भगदाड, त्यातून फरशीवरचा तेलाचा डाग दिसत होता. दोन्ही हात हँडलवर, तोंड बंद दाराकडे. त्यांचा उजवा पाय खाली हवेत काहीतरी शोधत होता. किक शोधत होता. इंजिनाबरोबर ती वॉलॉंगॉंगला पडलेली.

"आप्पा?"

"उंब्रज मागे टाकलं," ते न वळता म्हणाले. "काल तर पार पालीच्या खंडोबापर्यंत गेलो. पण संध्याकाळी तुम्ही येता, मग परत फिरावं लागतं."

मला वाटलं गंमत करतायत. म्हणून मीही म्हणालो, "आज सातारला जाऊन या की. मी जेवण गरम ठेवतो."

"दार उघडं असतं तर गेलो असतो," ते म्हणाले, आणि तेव्हा मला त्यांचा आवाज ऐकू आला. गंमत नव्हती त्यात.

मी तिथेच पायरीवर बसलो. बोलायचं म्हणून बोललो, "आप्पा, तो म्हातारा म्हणत होता की पिस्टन..."

"कुठं अडकला आज? मेलबर्नात?"

मी पायरीवरची धूळ बोटाने पुसायला लागलो.

"अरे, बॉयलरचा व्हॉल्व्ह येत नव्हता तेव्हा मी चीफ इंजिनिअरला सांगितलं होतं, की ट्रक खंबाटकीत उलटला आणि व्हॉल्व्ह दरीत गेला. शोधायला माणसं उतरवलीत म्हटलं. व्हॉल्व्हची ऑर्डरच दिली नव्हती मी." त्यांचे खांदे हलले. हसत होते. "तुझी फुलदाणी चांगली होती. कांगारू जरा जास्त झाला."

"मग बोलला का नाहीत?"

"एवढा जीव तोडून खोटं बोलत होतास. म्हटलं, बोलू दे. माझ्यासाठी आजवर कुणी एवढं खोटं बोललं नव्हतं." ते हळूच गाडीवरून उतरले, गुडघ्याला हात लावून. "आणि माझ्या पाळीत बंद पडलेलं मशीन. कसा जाणार होतो मी? तुला ते माहीत होतं."

माहीत होतं. नियम त्यांचा, कडी मी लावलेली.

मी शिडी आणायला आलो होतो हे विसरून गेलो. फोन काढला आणि त्यांच्यासमोरच म्हाताऱ्याला लावला. "क्लेटनचं इंजिन मागव."

पलीकडे हातोडी थांबली. "खात्री आहे, मेट? केसचं वेल्डिंग आता कुठे धरायला लागलंय."

"मागव."

इंजिन आलं. म्हातारा स्वतः ते घेऊन आमच्याकडे आला, सोबत आमचं जुनं इंजिन, अर्धवट वेल्डिंग केलेलं. तो आणि आप्पा दिवसभर गराजमध्ये. एकाला मराठी येत नाही, एकाला इंग्रजी नाही, पण दोघं मिळून माझ्यावर हसतायत एवढं मला बाहेरून कळत होतं. मला फक्त चहा आणायला आत घेत होते. आप्पांनी प्लग स्वतः बसवला, त्याआधी भोकात टॉर्च मारून बघितलं आणि म्हाताऱ्यालाही बघायला लावलं. म्हाताऱ्याने छातीवर क्रॉस केला.

मग रोलर डोअर वर गेलं. बायको आणि मुलगी बाहेर येऊन उभ्या राहिल्या. आप्पांनी गाडी ड्राइव्हवेवर काढली, किकवर पाय ठेवला, एकदा हळू दाबून अंदाज घेतला आणि मारली. दुसऱ्या किकला ती बोलली. आवाज थोडा वेगळा होता, जरा तरुण. पण पेनरिथची कुत्री उठली असतील.

आप्पांनी कापडाने हात पुसले, एकेक बोट. गाडीच्या बाजूला सरळ उभे राहिले, माझ्याकडे तोंड करून.

"चालू आहे," ते म्हणाले. "तेल बघितलंय. तक्रार नाही."

मी उत्तर दिलं नाही.

गाडी ठक ठक ठक करत उभी होती. धूर निघत होता. म्हाताऱ्याला वाटलं मला ऐकू आलं नाही, तो म्हणाला, "तुझे वडील काहीतरी म्हणतायत, मेट." मला आठवत होतं ते पोह्यांचं ताट, गार होत चाललेलं, आणि तो तोंड न उघडणारा माणूस. इतकी वर्षं आमच्या घरात त्याला शिव्या घातल्या गेल्या. मी त्याच्या जागी उभा राहून बघितलं, सोपं असतं ते. काहीच करावं लागत नाही, नुसतं गप्प बसायचं. टाकीतलं पेट्रोल संपलं असतं तर मशीन पुन्हा बंद झालं असतं आणि सगळं पहिल्यापासून.

मी म्हणालो, "जुनं इंजिन अजून बंद आहे, आप्पा. ते बाकावर पडलंय."

"ते तुझ्या पाळीत," आप्पा म्हणाले. "त्याला मीच कशाला हवा? तू इंजिनिअर ना?"

बायकोने माझ्या पाठीवर हात ठेवला. ढकलण्यासाठी की आधारासाठी, मी विचारलं नाही.

आप्पा वाट बघत होते. चपला बाजूला काढून ठेवलेल्या, पाय अनवाणी, थंड काँक्रीटवर. ते तसेच उभे राहिले असते. रात्रभर, नाताळपर्यंत, कुठल्याही नाताळपर्यंत. यात मी अजिबात वाढवून सांगत नाही.

"घेतलं," मी म्हणालो.

गाडीच्या आवाजात ते मला स्वतःलाही नीट ऐकू आलं नाही. पण आप्पांना आलं. त्यांनी मान हलवली, वाकले आणि चपलेत पाय घातला.